उंदरांच्या एच-२ प्रतिजनांसाठी प्रतिपिंड: नेमका क्लोन घ्यावा की व्यापक?

सी५७बीएल/६ उंदराची अस्थिमज्जा बाल्ब/सी उंदरात सोडल्यानंतर दात्याच्या आणि ग्राहकाच्या पेशी रक्तात वेगळ्या ओळखायच्या असतील, तर प्रतिपिंडाच्या नावापेक्षा ते कोणकोणत्या हॅप्लोटाइपच्या (एच-२ या ऊतक-जुळणीच्या जनुकांच्या एकत्र वारशाने येणाऱ्या संचाच्या) प्रतिजनांना चिकटते, हे आधी पाहावे. पहिल्या उंदराचा हॅप्लोटाइप ‘बी’, दुसऱ्याचा ‘डी’. २८-१४-८ हा क्लोन (एकाच पेशीवंशातून मिळणारे एकसारखे प्रतिपिंड) एच-२डीबी, म्हणजे डी रेणूच्या ‘बी’ हॅप्लोटाइपमधील रूपाविरुद्धचा म्हणून विकला जातो. परंतु तो बाल्ब/सीच्या एच-२एलडी रेणूलाही चिकटत असल्याने या जोडीत त्याचा उपयोग नाही. एच-२केबी ओळखणारा एएफ६-८८.५ मात्र ‘डी’ पेशींना सोडून देतो, म्हणून माझी पसंती त्यालाच आहे. २८-१४-८ एलडीला चिकटतो का, अशी शंका उरलीच, तर एलडी रेणू गमावलेला बाल्ब/सी-एच-२डीएम२ हा उत्परिवर्ती उंदीर चांगला नियंत्रण-नमुना ठरतो.

जुन्या अॅलोअँटीसेरमशी (एका स्ट्रेनच्या पेशी दुसऱ्या स्ट्रेनच्या उंदराला टोचून मिळवलेल्या रक्तद्रवाशी) तुलना केली, तर एक फरक ठळकपणे दिसतो. सेरममध्ये अनेक प्रतिपिंडांचे मिश्रण असल्याने तिसऱ्याच हॅप्लोटाइपच्या पेशींवर शोषण करून (सेरम त्या पेशींत मिसळून, चिकटलेले प्रतिपिंड पेशींसह बाजूला काढून) सामाईक विशिष्टतांविरुद्धचा भाग काढून टाकता येत असे आणि खासगी, म्हणजे एकाच हॅप्लोटाइपपुरत्या विशिष्टतेविरुद्धचा भाग, उदाहरणार्थ एच-२केबीची ३३ क्रमांकाची विशिष्टता ओळखणारा, मागे राहत असे. एकक्लोनी प्रतिपिंडात ही सोय नाही. हव्या आणि नको असलेल्या दोन्ही रेणूंना तोच एक प्रतिपिंड चिकटत असल्याने शोषणाने त्याची छेद-प्रतिक्रिया (नको त्या रेणूला चिकटणे) जाते तेव्हा प्रतिपिंडही जाते.

वर्ग १चे (के, डी, एल) प्रतिजन पेशीवर आहेत की नाहीत, एवढेच पाहायचे असल्यास एम१/४२ पुरेसा आहे, कारण तो जवळजवळ सगळ्या हॅप्लोटाइपवर चालतो.

वर्ग २च्या (आय-ए, आय-ई) प्रतिजनांसाठी सर्रास वापरला जाणारा एम५/११४ अधिक फसवा आहे. बाल्ब/सीमध्ये तो आय-ए आणि आय-ई दोन्ही रेणूंना चिकटतो. सी५७बीएल/६मध्ये आय-ई पेशीपृष्ठावर येतच नाही, म्हणून तेथे दिसतो तो संकेत केवळ आय-एचा. आणि ‘के’ हॅप्लोटाइपच्या सीबीए किंवा सी३एच उंदरांत तो आय-ए ओळखत नाही, फक्त आय-ई ओळखतो. एकाच उंदरातील पेशींची आपापसांत तुलना करायला तो उत्तम आहे, पण दोन स्ट्रेनमधील तीव्रतेचे आकडे शेजारी ठेवणे मला धोक्याचे वाटते.

ग्राहक सी५७बीएल/६ आणि बाल्ब/सी या दोन स्ट्रेनचा एफ१ (पहिल्या पिढीचा) संकर आणि दाता सी५७बीएल/६ असेल, तर निवड उलटते: केबी दोघांवरही असते, म्हणून केडी ओळखणारा एसएफ१-१.१ घ्यावा आणि त्याने न रंगलेल्या पेशी दात्याच्या धराव्यात.