एसएसएच की मॉश? वीज गेली की उत्तर बदलतं

मुंबई रीजनमधल्या क्लाऊड सर्व्हरवर सांगलीतून काम करायचं तर साधं एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर टर्मिनलमधून लॉगिन करायचं नेहमीचं साधन, वेगाला कुठे कमी पडत नाही. गोची होते ती वळवाचा पाऊस आला की. विश्रामबागेत वीज जाते, राउटर बंद पडतो, लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवर येतो आणि त्याचा आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, बदलतो. एसएसएचचं टीसीपी कनेक्शन जुन्या आयपीला बांधलेलं असतं, त्यामुळे टर्मिनल गोठतं आणि कंट्रोल-सीलाही दाद देत नाही. एंटर, टिल्डे (~), टिंब दाबून सुटका होते, पण पुन्हा लॉगिन आलंच. एसएसएचच्या सेटिंगमध्ये सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ३० (दर ३० सेकंदांनी सर्व्हरला हाक) आणि सर्व्हरअलाइव्हकाउंटमॅक्स ३ (तीन हाकांना उत्तर नाही तर तोडा) ठेवलं, तर साधारण ९० सेकंदांनी कनेक्शन गेल्याचं कळतं. कळतं एवढंच, जिवंत होत नाही.

मॉश हे त्याला पर्यायी साधन. ते लॉगिनपुरतं एसएसएच वापरतं आणि पुढे यूडीपीवर, म्हणजे कायमचं कनेक्शन न बांधता, बोलतं. आयपी बदलला तरी सेशन तेच राहतं. लॅपटॉप मिटून साताऱ्याला जा, तिथे उघडा, कर्सर होता तिथेच सापडतो. रेंज रडतखडत असली तरी टाइप केलेलं अक्षर लगेच उमटतं, सर्व्हरची पोच येईपर्यंत खाली रेघ दिसते.

त्यासाठी आधी थोडी खटपट करावी लागते. सर्व्हरवरही मॉश टाकायचं आणि क्लाऊडच्या फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट ६०००० ते ६१००० उघडायचे. एकट्यासाठी ६००१० पर्यंत पुरेत, कारण एका सेशनला एकच पोर्ट लागतो. बहुतेक जण इथे चुकून टीसीपी उघडतात. मग लॉगिन होतं, पण पुढे सर्व्हरकडून काहीच आलं नाही असा निळा पट्टा दिसत राहतो. लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ नसेल तर मॉश सुरूच होत नाही.

मॉशमध्ये मागचं आउटपुट वर सरकवून बघता येत नाही, हे लॉग वाचताना खटकतं. त्यावर टीमक्स, म्हणजे सर्व्हरवरच सेशन जिवंत ठेवणारं साधन, हवंच. लॅपटॉपची बॅटरीच संपली तर मॉशचं जुनं सेशन परत पकडता येत नाही, तेव्हाही टीमक्सच कामाला येतं. फाइल पाठवणं आणि पोर्ट फॉरवर्डिंग (सर्व्हरवरचा पोर्ट आपल्या लॅपटॉपवर आणणं) मॉशला जमत नाही. मध्ये जंप होस्ट, म्हणजे ज्यातून पुढे जावं लागतं असा मधला सर्व्हर, असेल तर मॉशच्या वाटेला न गेलेलं बरं.

घरी इन्व्हर्टरवर राउटर चालत असेल, तर एसएसएच आणि टीमक्स एवढ्यावर भागेल, नाही असं नाही. पण पावसाळाभर हॉटस्पॉटवर उड्या मारायच्या असतील तर फायरवॉलची ती एक ओळ आजच घालून ठेवा. एसएसएच फाइलींपुरतं हाताशी राहू दे.