सी हीरो क्वेस्ट : पैशांऐवजी वेळ मागणारा खेळ

कंपनी आणि सेवाभावी संस्था यांची भागीदारी म्हटली की वेष्टनावर संस्थेचे बोधचिन्ह, विक्रीतला थोडासा वाटा आणि मोठ्या धनादेशासोबतचे छायाचित्र, एवढेच बहुधा आपल्या वाट्याला येते. डॉइचे टेलिकॉम या जर्मन दूरसंचार कंपनीने अल्झायमर्स रिसर्च यूके ही संस्था आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन व ईस्ट अँग्लिया विद्यापीठातील शास्त्रज्ञ यांच्या साथीने २०१६ मध्ये आणलेल्या ‘सी हीरो क्वेस्ट’ या मोफत मोबाइल गेमने लोकांकडे फक्त त्यांचा वेळ मागितला. स्मृतिभ्रंशाच्या संशोधनासाठी कंपन्यांनी हाती घेतलेल्या उपक्रमांत मला हा सर्वांत प्रामाणिक वाटतो.

खेळ असा: आधी नकाशा दाखवला जातो, त्यावरचे क्रमांकित टप्पे लक्षात ठेवायचे आणि नकाशा नजरेआड झाला की होडी हाकत ते त्याच क्रमाने गाठायचे. पुढे धुके दाटते, नकाशाच अर्धवट दिसतो, आणि दोन सारख्या दिसणाऱ्या खाड्यांच्या तोंडाशी होडी आली की डावीकडे वळायचे की उजवीकडे, हे ठरवताना मन खरोखरच अडखळते. दुसऱ्या एका प्रकारात वळणावळणाच्या जलमार्गाने शेवटपर्यंत गेल्यावर, आपण निघालो ती जागा नेमकी कोणत्या दिशेला राहिली हे ओळखून तिकडे प्रकाशबाण सोडायचा असतो. स्मृती गमावलेल्या वृद्ध दर्यावर्दी वडिलांच्या आठवणी मुलगा पुन्हा गोळा करतो, हे कथासूत्रही हृद्य आहे.

या रचनेमागे ठोस कारण आहे. दिशेचे भान राखणारा मेंदूतील एन्टोरायनल कॉर्टेक्स हा भाग अल्झायमरमध्ये फार लवकर बाधित होतो, त्यामुळे नावे विसरण्याआधीही ओळखीच्या वाटेवर चुकणे सुरू होऊ शकते. परवानगी देणाऱ्या खेळाडूच्या होडीचे स्थान दर अर्ध्या सेकंदाला नोंदले जाई. चाळीस लाखांहून अधिक लोक खेळले, आणि निरोगी माणूस कोणत्या वयात कितपत वाट शोधू शकतो याचे प्रयोगशाळेत कधीच जमले नसते असे मोजमाप हाती आले. त्याच्याशी ताडून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अल्झायमरचा धोका वाढवणारे एपीओई-४ जनुक असलेले पण स्मृतीच्या नेहमीच्या चाचण्यांत कुठेही कमी न पडणारे लोक या खेळात अधिक लांबचा मार्ग घेतात, असे दिसले. माझ्या दृष्टीने या भागीदारीचे मोल याच निष्कर्षात आहे. शहराबाहेर वाढलेली माणसे सरासरीने वाट अधिक चांगली शोधतात, हे २०२२ मध्ये पुढे आले.

उणिवा आहेतच. स्मार्टफोन सराईतपणे वापरणारेच मुख्यतः यात आले, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या वयोवृद्धांना बोटाने होडी वळवणे जड जाऊ शकते. सुरुवातीच्या सोप्या टप्प्यांतील कामगिरी हिशेबात धरून शास्त्रज्ञांनी ही तफावत कमी केली, तरी ती पूर्ण मिटत नाही. खेळाडूला त्याच्या मेंदूविषयी कोणताही निकाल सांगितला जात नाही, याबद्दल काहींची निराशा होईल, परंतु मला हा संयम अत्यंत योग्य वाटतो, कारण मोबाइलवरच्या गुणांवरून घरच्या घरी निदान करून घाबरणारी माणसे कमी नाहीत. खरी खंत एकच: सर्वसामान्यांसाठी हा खेळ आता बंद झाला असून तो केवळ संशोधकांना उपलब्ध आहे. तीच माणसे वय वाढेल तशी पुन्हापुन्हा खेळत राहिली असती, तर त्यांच्यातला बदल वर्षानुवर्षे टिपता आला असता, आणि त्यासाठी लागणारा खर्च कंपनीने पुढेही उचलायला हवा होता.