बचत गट, अंगणवाडी की परसबाग? पाण्याचं काम करणाऱ्यांनी पोषणाला हात कुठून घालावा

मागच्या महिन्यात बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेच्या दोघीजणी भेटल्या. पाणलोटाचं काम करतात, सात-आठ गावं, बांधबंदिस्ती झाली, विहिरींना पाणी टिकायला लागलं, आणि आता म्हणतात ताई, शिवारात पाणी आलं पण बायकांच्या अंगात रक्त नाही ते नाहीच. त्यांना आरोग्य-पोषणाचं काम जोडायचंय, माणसं दोनच आणि पैसा वर्षभर पुरेल एवढाच, त्यामुळे तिन्ही वाटा एकदम धरता येणार नाहीत. त्यांच्याशी जे बोलले तेच इथे मांडते, कारण हा प्रश्न बऱ्याच संस्थांपुढे आहे.

त्यांचं निरीक्षण चुकीचं नाहीये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ ला महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के बायकांना रक्तक्षय होता, २०१९-२१ ला तो ५४ टक्के निघाला, म्हणजे मधल्या काळात वाढलाच. पाच वर्षांखालची ३५ टक्के पोरंही वयाच्या मानाने खुजी निघाली.

आधी परसबागेचं बोलते, कारण पाण्यावाल्या संस्थांना तीच पहिली सुचते. सात वाफे, मधे शेवगा, कडेला पालक, चाकवत, तांदुळजा, अंबाडी, मोरीचं पाणी वळवलेलं, दिसायला छान आणि अहवालात फोटोही छान येतो. पोटात भाजी जाते हे खरं, मी नाकारत नाही. पण एप्रिलमधे जाऊन बघा, वाफे वाळलेले असतात, कोंबड्यांनी रोपं उकरलेली असतात, आणि ज्या बाईकडे बाग टिकलीये ती टिकवायला रोज चार हंडे जास्तीचे ओढत असते. पहाटे उठून पाणी, भाकऱ्या, रान, जनावरं, संध्याकाळी परत चूल, त्यात बागेचा तास आपण घातला आणि घरातला एकही तास दुसऱ्या कुणी उचलला नाही. गरोदर बाईच्या बाबतीत तर हा सरळ तोटा आहे. शिवाय चांगली भाजी बाजाराच्या दिवशी विकायला जाते, पैसे कुणाच्या खिशात जातात ते घराघरावर आहे. म्हणून माझं मत, घराजवळ बारमाही पाणी असेल आणि नवरा किंवा दीर पाणी घालायचं कबूल करत असेल तरच बाग, नाहीतर पहिल्या वर्षी नको.

दुसरी वाट अंगणवाडी आणि आशाची, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीची. इथे वजनकाटा आहे, पोराच्या दंडाचा घेर मोजून कुपोषण ओळखायची पट्टी आहे, लोहाच्या गोळ्या आहेत, बाळंतिणीच्या घरी आशाताईंच्या ठरलेल्या भेटी आहेत. या घरभेटींमागे गडचिरोलीचं काम आहे, डॉक्टर राणी आणि अभय बंगांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरी नवजात बाळं वाचवून दाखवली, १९९९ ला ते छापून आलं, नंतर देशभर आशांकडे ते काम गेलं. आणि तुमच्या शेजारीच जामखेड आहे, अरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून तिथे अक्षरओळखही नसलेल्या, बऱ्याच दलित घरातल्या बायकांना आरोग्यसेविका केलं, आणि आरोग्यासोबत पाणी, शेती, महिला मंडळं असं सगळं एकत्र चालवलं. म्हणजे तुम्ही जे जोडू बघताय ते तिथे पन्नास वर्षांपूर्वीच जोडलेलं होतं, एकदा जाऊन याच.

या वाटेची अडचण अशी की आशाताई आणि अंगणवाडीताई आधीच रजिस्टरं आणि मोबाईलवरच्या नोंदींखाली वाकलेल्या आहेत. तुम्ही आणखी एक फॉर्म दिलात तर त्या हसून घेतील आणि कपाटात ठेवतील. आणि आपली वेगळी पगारी कार्यकर्ती नेमायची चूक तर करूच नका, आम्ही केली होती, प्रोजेक्ट संपला तशी ती पोरगी घरी बसली आणि आशाताईही दुखावल्या त्या दुखावल्याच. तुम्ही त्यांच्या हाताखाली जा. वजनाच्या दिवशी पोरं गोळा करून आणा, दंडावरची पट्टी साडेअकरा सेंटीमीटरच्या आत लाल, म्हणजे तीव्र कुपोषण दाखवते तेव्हा त्या आईसोबत दवाखान्यात कोण जाणार आणि घरी राहिलेली दोन पोरं कोण सांभाळणार एवढं बघा. आई तिथेच अडकते.

तिसरी वाट बचत गटाची, आणि माझा कौल इकडे आहे. पण गटात बसते सासू. विशीतली गरोदर सून घरी भाकरी थापत असते, आणि सगळ्यात गरीब घरातली बाई हप्ता झेपत नाही म्हणून गटातच नसते. त्यामुळे गटात माहिती सांगितली म्हणजे पोचली असं धरू नका. मात्र ताट कुणी आधी घ्यायचं ते ठरवणारीही सासूच असते, आणि ती इथे आयती समोर बसलेली सापडते. एका बैठकीत हिशोबाची वही मिटल्यावर मी एवढंच विचारलं, काल रात्री घरात शेवटी कोण जेवलं आणि तिच्या ताटात काय होतं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक आजी म्हणाल्या, सून जेवली, कालवण संपलं होतं, भाकरी न् ठेचा खाल्ला तिनं, सातवा चालूय. पुढच्या महिन्यात त्यांनीच सांगितलं की आता सुनेचं ताट आधी वाढते. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये, शी काळी होते त्याला घाबरायचं नाही, हेही सासूला पटलं तर सून गोळ्या फेकत नाही. आणि हे सगळं फुकटात होतं, कुणाचं काम वाढत नाही.

गटाचा अजून एक फायदा, बायका महिला ग्रामसभेत एकत्र बोलू शकतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे असतात, ते नेमके कुठे गेले हे दहा जणींनी मिळून विचारलं की उत्तर द्यावं लागतं.

पण आष्टी म्हणजे ऊसतोडीचा भाग. दिवाळीच्या आगेमागे अर्धं गाव कोयता घेऊन जातं, गट मोडतो, अंगणवाडीतली नावं नुसती कागदावर राहतात. तोडीवर बाईने एक दिवस खाडा केला की पैसे कापले जातात, पाळीतही नाही आणि आजारातही नाही सुट्टी. बीडमधे २०१९ च्या सरकारी तपासणीत ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. हा एकटा आरोग्याचा प्रश्न नाही न् एकटा मजुरीचाही नाही, मुकादमाकडून, म्हणजे मजुरांच्या ठेकेदाराकडून, आगाऊ उचल घेतलेली असते म्हणून बाई दुखणं अंगावर काढते. त्यामुळे अशा गावात गट आधी धरा, पण पहिला जोर जून ते सप्टेंबर एवढाच लावा, आणि अंगणवाडी-आशा सोबत घेऊन, बायका तोडीला निघण्याआधी, प्रत्येक गरोदर बाईचं रक्त तपासून घ्या, पोरांची वजनं घ्या. माता-बाल संरक्षण कार्ड आणि हंगामभराच्या गोळ्या ट्रक निघायच्या आदल्या संध्याकाळी तिच्या हातात द्या, सासूच्या किंवा मुकादमाच्या नाही, आणि कारखान्याजवळच्या आशाताईचा नंबर तिला पाठ करून घ्या.