लॅटिन शब्दकुळांचा तक्ता आणि पत्ते: घ्या, पण डावा रकाना दुरुस्त करून

बडोद्यातल्या फ्रेंच-स्पॅनिशच्या खासगी वर्गांत सध्या हा संच वापरात आहे: भिंतीवरचा एक मोठा तक्ता आणि ४८ पत्ते. डावीकडे लॅटिन शब्द, पुढे इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच, रोमानियन आणि जर्मन. उच्चार देवनागरीत, खाली बारीक रोमन स्पेलिंग. १९३१ साली आठ भाषांतला राज्यकारभाराचा कोश काढणाऱ्या या शहराला असे रकाने नवे नाहीत.

शब्द अकारविल्हे न लावता ध्वनींप्रमाणे लावलेत, ही या संचाची खरी जमेची बाजू. लॅटिनमधल्या 'क्त'चा गठ्ठा बघा. रात्र: नोत्ते, नोचे, नोइत, न्युई, नोआप्ते. दूध: लात्ते, लेचे, लेइत, ले, लाप्ते. आठ: ओत्तो, ओचो, ओइतु, उईत, ओप्त. तीन ओळींतच नियम हाती लागतो: 'क्त'चा इटालियनमध्ये त्त, स्पॅनिशमध्ये च, पोर्तुगीजमध्ये इत, रोमानियनमध्ये प्त. प्राकृत वाचलेल्याला इटालियन रकाना ओळखीचा वाटेल; भक्त, भत्त, भात ही वाट तीच.

घोळ डाव्या रकान्यात आहे. तिथे कोशातली प्रथमा छापली आहे: नोक्स, लाक. या भाषांतली बहुतेक नामं द्वितीयेच्या रूपावरून आली, म्हणजे नोक्तेमवरून. 'नोक्स'मध्ये त नाहीच, मग 'नोत्ते'तला त आला कुठून, हा प्रश्न पहिल्याच तासाला येतो. दुधाचं आणखी अडचणीचं: लाक नपुंसकलिंगी, त्यामुळे ग्रंथांतल्या लॅटिनमध्ये द्वितीयाही लाकच, लाक्तेम हे बोलीतलं रूप. ही दोन्ही रूपं पेनाने लिहून घ्या. 'ओक्तो' विभक्तीने बदलत नाही, म्हणून शिकवायला सुरुवात त्या ओळीपासून करावी.

जर्मन रकाना तर सरळ दिशाभूल करतो. नाख्ट आणि आख्ट हे लॅटिनचे वारस नव्हेत, एकाच जुन्या मूळ भाषेतून आलेली चुलत भावंडं आहेत. मिल्शचा लाकशी संबंधच नाही. खिडकीच्या ओळीत मात्र जर्मन बरोबर बसलं आहे: लॅटिन फेनेस्त्रा, इटालियन फिनेस्त्रा, फ्रेंच फनेत्र, रोमानियन फेरेआस्त्रा आणि लॅटिनमधून उसना घेतलेला जर्मन फेन्स्टर. फ्रेंच स्पेलिंगमधल्या (fenêtre) 'ए'वरची टोपी गळलेल्या 'स'ची खूण आहे. स्पॅनिश-पोर्तुगीजची घरं इथे रिकामी ठेवली आहेत, ते योग्यच. त्यांच्याकडचे व्हेन्ताना आणि जनेला निराळ्या धातूचे.

सगळ्यात रंगतदार ओळ किल्लीची. लॅटिन क्लावेम, इटालियन क्याव्हे, स्पॅनिश याव्हे, फ्रेंच क्ले, रोमानियन केये, पोर्तुगीज शाव्ह. आपली आणि गुजरातीतली चावी या शेवटच्या शब्दाची. 'श' आणि 'च' जुळत नाहीत म्हणून मुलं शंका काढतात. १६व्या शतकात पोर्तुगीज लोक इथे उतरले तेव्हा त्यांचा उच्चार 'च'च होता, 'श' नंतरचा. तक्त्यावर याची एक टीप हवी होती.

लिंग कुठेच दिलेलं नाही, आणि तोटा तिथेच होतो. दूध स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी. पोर्तुगीज, फ्रेंच आणि इटालियनमध्ये पुल्लिंगी. प्रत्येक नामापुढे उपपद लिहिल्याशिवाय पत्ते वाटू नका.

पत्ते खेळवताना एका वेळी एकच गठ्ठा, एका बैठकीत चार-पाच शब्द. लॅटिन आणि एक भाषा उघडी ठेवून उरलेल्या ओळखायला लावा. ऑक्टोबरचा पत्ता 'क्त'च्या गठ्ठ्यातून काढून ठेवा: स्पॅनिश ओक्तुब्रेत 'क्त' शाबूत आहे, कारण तो शब्द ग्रंथांतल्या लॅटिनच्या धाकाखाली राहिला. तसंच नोक्तुर्नो (रात्रीचा). नियम पक्का झाल्यावर हेच पत्ते अपवाद म्हणून परत घ्या.

लॅमिनेशन ठीक, पण तक्ता उन्हाच्या भिंतीवर लावू नये. लाल शाई लवकर उडते आणि लॅटिन रकाना नेमका लाल आहे.