‘पाव’ शोधताना : शिकागो विद्यापीठाचे डिजिटल शब्दकोश

शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियातील भाषांचे अनेक शब्दकोश संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. मराठी वाचकासाठी तिथे मोल्सवर्थचा १८५७ सालचा कोश आहे, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहे, तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही आहे. अशा सेवेचे परीक्षण सर्वसाधारण विधाने करून होत नाही, एखादा शब्द घेऊन तिच्या दारात उभे राहावे लागते. मी ‘पाव’ हा शब्द घेतला, कारण तो दोन अक्षरांचा असला तरी एका घरातला नाही.

पहिला पाव चौथ्या हिश्शाचा. हा संस्कृत ‘पाद’चा वंशज. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा भाग, या हिशोबाने पायाचा अर्थ पाव असा झाला, आणि तोही फार पूर्वी : ‘पादोऽस्य विश्वा भूतानि’ या पुरुषसूक्तातील चरणात पाद म्हणजे चतुर्थांशच. (श्लोकाच्या चरणालाही याच हिशोबाने पाद म्हणू लागले, मात्र गायत्री छंदाला तीनच पाद असतात आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही.) मराठीने या पावाचा संसार मोठा केला. पावशेर गेला तरी पाव किलो राहिला. चार आण्यांच्या नाण्याला पावली म्हणत. ‘पाऊण’मध्ये ‘पादोन’ म्हणजे पावाने उणे, आणि ‘सव्वा’मध्ये ‘सपाद’ म्हणजे पावासह, असे दोन्हीकडे तोच शब्द दडून बसला आहे. सव्वा रुपयाची दक्षिणा देताना आपण ‘पाव’ उच्चारतच असतो, फक्त तो ऐकू येत नाही.

हे नाते पाहण्यासाठी या संग्रहातील सर्वांत उपयोगी ग्रंथ मराठीचा नाहीच. राल्फ टर्नर यांचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश १९६२ ते १९६६ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात संस्कृत शब्द शीर्षस्थानी असतो आणि त्याखाली पाली, प्राकृत, सिंधी, नेपाळी, बंगाली, गुजराती, मराठी, कोकणी, सिंहली अशी रूपांची रांग लागते. ती वाचताना मराठी रूप एकटे वाटेनासे होते. त्याच संकेतस्थळावर स्टाइनगास यांचा १८९२ चा फारसी कोश उघडला, की फारसी ‘पाय’ भेटतो. हा संस्कृतातून गेलेला नव्हे, दोघांचा पूर्वज एक. पायजमा म्हणजे पायाचा जामा, हे त्यामुळे मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. याच मूळ धातूपासून लॅटिन ‘पेस’ आणि इंग्रजी ‘फूट’ आले. लाकडाच्या वखारीत ‘पाच फूट’ मागणारा आणि वाण्याकडे ‘पावभर’ मागणारा माणूस एकाच शब्दाची दोन पिल्ले वापरीत असतो.

दुसरा पाव क्रियापदाचा, ‘पावणे’. हा संस्कृत ‘प्राप्’ धातूपासून, म्हणजे मूळ अर्थ पोहोचणे, मिळणे. नवसाला देव पावतो, माणूस बढती पावतो, मरणही पावतो. पैसे पोहोचल्याची खूण म्हणून ‘पावती’ आणि इथपर्यंत पोहोचलो म्हणून ‘आजपावेतो’. पावतीपुस्तकाचा आणि नवसाचा उगम एक आहे, हे मला फार आवडले. येथे एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते : जुन्या कोशांत क्रियापदे ‘पावणें’ अशी अनुस्वारासह छापलेली आहेत, १९६२ च्या लेखननियमांपूर्वीची पद्धत तीच होती. शोधताना हे लक्षात ठेवावे.

तिसरा पाव खाण्याचा, आणि इथे या संग्रहाचा कल उघड होतो. टर्नर यांचा ग्रंथ संस्कृतातून उतरलेल्या शब्दांचा आहे, त्यामुळे समुद्रमार्गे आलेल्या शब्दाला त्यात जागा नाही. हा दोष नव्हे, त्या ग्रंथाची आखणीच तशी आहे. परंतु वाचकाने सावध राहावे, नाहीतर तो खाण्याच्या पावालाही ‘पाद’ची वंशावळ जोडून मोकळा होईल. तशा व्युत्पत्ती लोकांनी रचलेल्याच आहेत. कणीक पायांनी तुडवतात म्हणून पाव, असे एक मत. लादीतून चौथा भाग तोडतात म्हणून पाव, हे दुसरे. दोन्ही ऐकायला गोड आणि दोन्ही चूक. हा शब्द पोर्तुगीज ‘पांव’ आहे, लॅटिन ‘पानिस’पासून आलेला. मराठीत येताना त्याचे अनुनासिक गळले. गोव्यात पाव भाजणारा ‘पोदेर’ हा पोर्तुगीज ‘पादेइरो’, म्हणजे कारागिराचे नावही त्याच लॅटिन मुळाचे. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोहोचले आणि तिथेही ब्रेडला आजतागायत ‘पान’ म्हणतात. कोरियन ‘प्पांग’ जपानीतून गेला. बंगालीतील ‘पाउरुटी’ मात्र दोनदा भाकरी म्हणते, पोर्तुगीजात एकदा आणि देशी शब्दात एकदा. हल्ली मुंबईच्या उपाहारगृहांत मिळणारा चिनी ‘बाओ’ या कुळातला नाही, उच्चाराच्या साम्याने फसू नये.

या तिसऱ्या पावासाठी संकेतस्थळावर १९०३ च्या आवृत्तीतील ‘हॉबसन-जॉबसन’ आहे, पण तो कोश अँग्लो-इंडियन बोलीचा, म्हणजे साहेबाच्या कानाने ऐकलेला. पोर्तुगीज शब्द आशियात कुठे कुठे गेले याचा खरा धांडोळा बार्देशातील आसगावचे सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९१३ च्या पोर्तुगीज ग्रंथात घेतला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९३६ साली बडोद्यात प्रसिद्ध झाले. खाण्याच्या पावाचा माग काढायचा, तर तो जवळ असावा.

बाकी सेवेबद्दल थोडक्यात. देवनागरीत किंवा रोमन लिपीत शोधता येते, छापील पृष्ठाचा क्रमांक सोबत दिसतो, आणि मुख्य शब्दांखेरीज अर्थांच्या मजकुरातही शोध घेता येतो. शेवटची सोय मला सर्वांत मोलाची वाटली. मात्र अर्थ समजावण्याची भाषा बहुतेक कोशांत इंग्रजी आहे, दाते-कर्वे हा मराठीतून मराठी समजावणारा मोठा अपवाद. म्हणून मराठी वाचकाने आधी तिथे जावे, मग टर्नरकडे, मग फारसीकडे. मी उलट क्रमाने गेलो आणि एक अख्खी दुपार पायजम्यात अडकलो.