चालायला जायचं की ताट बदलायचं? आधी रिपोर्ट बघा

डॉक्टरांनी 'लाइफस्टाइल बदला' म्हटलं की घरात दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते रोज टेकडी चढा, दुसरी म्हणते आधी तो फरसाणचा डबा लपवा. दोन्ही करायचंय हो, पण सुरुवात कुठून ते रिपोर्टमध्ये काय वाढलंय त्यावर बघा.

एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, वाढलंय? मग ताट. नुसतं चालून एलडीएल फारसं हलत नाही, तूप, लोणी, डालडा (वनस्पती तूप), खारी-नानकटाई कमी आणि उसळी, भाज्या, मूठभर शेंगदाणे (खारे नाही!) जास्त, याने हलतं. स्पेनमधल्या प्रेडिमेड ट्रायलमध्ये व्यायामावर भर नव्हताच, भूमध्यसागरी जेवण (भाज्या, फळं, डाळी, मासे यांवर भर) आणि सोबत ऑलिव्ह ऑइल किंवा सुकामेवा, तरी हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे 30 टक्के कमी झाले.

ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) किंवा शुगर जास्त असेल तर चालण्याचं महत्त्व वाढतं, कारण स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, जेवणानंतर 15 मिनिटं फिरलात तरी फरक पडतो. पण भाताचा डोंगर आणि गोड तसंच ठेवून नाही चालणार.

बीपीला मात्र दोन्ही लागू पडतं. पापड, लोणचं, फरसाण आवरा, दिवसाचं मीठ 5 ग्रॅमच्या आत म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा (टीस्पून), आणि आठवड्याला निदान 150 मिनिटं भरभर चालणं. भरभर म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत, मोबाइल बघत रमतगमत नाही.

वजनात मला विचाराल तर आहार जिंकतो. पाऊण तास चालून जेमतेम दीडदोनशे कॅलरी जातात आणि टेकडी उतरल्यावर तर्री मारलेली मिसळ, वर एक्स्ट्रा पाव, की हिशोब उलटाच. पण नुसतं खाणं कमी केलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि जिना चढताना दम न लागणं हे कुठल्याही डाएटने मिळत नाही. 1953 साली लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास आला होता, त्यात दिवसभर डबलडेकर बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी निघाला.

चालताना छातीत दाब येत असेल तर ही तुलना बाजूला ठेवा, आधी डॉक्टर. आणि आकडे सुधारले म्हणून गोळी परस्पर बंद करू नका.