कम्युनिटी कॉलेजातील नर्सिंग: एक वर्षाचे की पदवीचे?

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांपर्यंतचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या स्थानिक महाविद्यालयात) नर्सिंग शिकायचे ठरवले की दोन वाटा समोर येतात: साधारण वर्षभराचा प्रॅक्टिकल नर्सिंगचा अभ्यासक्रम, आणि असोसिएट पदवी, जी कागदोपत्री दोन वर्षांची असली तरी शरीररचनाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांसारखे विषय बहुधा आधीच पूर्ण करावे लागत असल्याने अनेकदा तीन वर्षांपर्यंत लांबते.

अर्जाची दगदग दोन्हीकडे जवळपास सारखीच आहे. त्यात लागणारे लसीकरणाचे कागद भारतातच राहून गेलेल्या मराठी विद्यार्थिनीने प्रतिपिंडांची रक्तचाचणी लवकर करून घ्यावी, कारण हेपटायटिस बीच्या प्रचलित तीन मात्रा नव्याने घ्यायच्या झाल्यास सहा महिने त्यातच जातात. सरावकक्षातला सुरुवातीचा एक धडाही दोन्हीकडे तोच, रक्तदाब मोजण्याचा: दंडाला पट्टा आवळून, कोपराच्या खळगीत स्टेथोस्कोप ठेवून पहिला ठोका टिपणे, जो सुरुवातीला हमखास निसटतो.

खरा फरक अधिकारात आहे. एलपीएन, म्हणजे वर्षभराचा अभ्यासक्रम केलेली परवानाधारक परिचारिका (टेक्सास आणि कॅलिफोर्नियात एलव्हीएन), औषधे देते, मलमपट्टी करते, परंतु रुग्णाचे सर्वंकष मूल्यमापन आणि शुश्रूषेचा आराखडा ही जबाबदारी आरएनची, म्हणजे पदवी घेतलेल्या नोंदणीकृत परिचारिकेची असते. शिरेतून औषध देण्याचे नियम तर राज्यागणिक बदलतात. परवान्यासाठी एनक्लेक्स ही परीक्षा दोघींनाही द्यावी लागते, मात्र दोघींसाठी ती वेगवेगळी असते.

रुग्णालयातच काम करायचे असेल आणि घरखर्चाची सोय असेल, तर माझ्या मते थेट पदवीच घ्यावी. कमाई तातडीने हवी असल्यास एलपीएन होऊन वृद्धांच्या शुश्रूषागृहात नोकरी धरावी आणि पुढे ब्रिज अभ्यासक्रमातून आरएन व्हावे. मात्र त्यासाठीही प्रवेशाचा अर्ज पुन्हा करावा लागतो.